फुप्फुसाच्या कॅन्सरमधली हतबलता: सुरुवात श्वासापासून करा

‘धीर धरा, पॉझिटिव्ह राहा’ असं सांगून हतबलता जात नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा दम लागण्यातून येते. संडासापर्यंत जाऊन येताना धाप लागली की माणूस चालणं टाळतो, पायातली ताकद जाते आणि मग त्याहून कमी अंतरात दम लागतो. म्हणून आधी श्वासाचं बघा.

धाप लागली की खुर्चीत बसून पुढे झुका, कोपरं मांडीवर किंवा टेबलावरच्या उशीवर टेका, खांदे सैल सोडा. दोन मोजेपर्यंत नाकानं श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत सोडा. घाबरून मोठमोठे श्वास आत ओढणं ही नेहमीची चूक. आधीची हवा पुरती बाहेर गेलेली नसते, त्यामुळे छाती आणखीच कोंडते. बॅटरीवरचा छोटा पंखा तोंडापासून वीतभर अंतरावर धरून गाल, नाक आणि वरच्या ओठावर वारा घ्यायचा. पंखा शक्यतो रुग्णानंच धरावा. आपला दम आपल्याला आवरता येतो, हे कळण्यातच निम्मा गुण आहे. हे सगळं शांत असताना रोज दोन-तीनदा करून ठेवा, ऐन धापेत शिकता येत नाही. दम अचानक वाढला, छातीत दुखलं, ओठ निळे पडले किंवा खोकल्यातून जास्त रक्त पडलं तर मात्र पंखा बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा.

बसल्याजागी दम लागत असेल तर छातीत पाणी झालंय का, हिमोग्लोबिन उतरलंय का, ते डॉक्टरांना तपासायला सांगा. दोन्हींवर उपाय आहेत. त्यानंतरही त्रास राहिला तर अल्प मात्रेतलं मॉर्फिन देतात. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ ही समजूत सोडा. त्यानं बद्धकोष्ठता मात्र होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

आता घरच्यांसाठी. आपल्याकडे फाइल मुलाच्या हातात, डॉक्टरांशी बोलणार सून, आणि पेशंट बाहेर बाकावर. आजाराचं नावसुद्धा त्याच्यापासून लपवलेलं असतं. कितपत जाणून घ्यायचंय हे त्यालाच विचारा आणि हवं असेल तर फाइल त्याच्याकडे द्या. ओपीडीला जाण्यापूर्वी तीन प्रश्न कागदावर लिहा, पहिला त्यानं स्वतः विचारायचा: हे उपचार आजार बरा करण्यासाठी आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, हा दुसरा. तिसरा त्याच्या मनातला. घरात ‘काय खाणार?’ असं मोघम विचारलं की थकलेला माणूस ‘काही नको’ म्हणतो. ‘खिचडी की आंबील?’ असं विचारा. आंघोळ स्टुलावर बसून करू द्या, पण त्याला जमतंय तोवर त्याच्या हातानं. आणि ‘बिड्या ओढल्यास म्हणून’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. कधीच न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो. अजून ओढत असेल तर सोडायला मदत करा, उपचारांना त्याचा आताही फायदा होतो.

सगळी मरगळ मनाची असते असंही नाही. सोडियम घटलं किंवा कॅल्शियम वाढलं तर सुस्ती आणि गोंधळ दिसतो. इम्युनोथेरपीत (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणाऱ्या उपचारांत) थायरॉइड बिघडू शकतं, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं झोप उडते, चिडचिड होते. स्वभाव एकाएकी बदलला, सोबत डोकेदुखी किंवा उलट्या असल्या तर मेंदूची तपासणी लांबवू नका.

दोन आठवडे जवळपास दिवसभर उदास, कशातच रस नाही, अशी अवस्था असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषधं आहेत. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे चार दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून बंद करू नका. ‘जीव द्यावा असं वाटतं का?’ हे सरळ विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो.

पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दम, वेदना, उदासी असे त्रास कमी करणाऱ्या सेवेची चिठ्ठी उपचार संपेपर्यंत थांबून मागायची नसते. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवर बोस्टनमध्ये झालेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर लगेच ही सेवा मिळालेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आढळली. केमो चालू असतानाच मागा, पुढच्या ओपीडीतच.