इक्वेटोरियल गिनीत नोकरीला जाताय? करार, कागदपत्रं, पैसा आणि मलेरिया

ऑफर लेटर हातात पडलं की पगाराच्या आकड्याआधी कामाचं ठिकाण वाचा. मालाबो की बाटा? मध्य आफ्रिकेतला हा देश एकच असला तरी तो दोन तुकड्यांत आहे. मालाबो हे बिओको बेटावर, कॅमेरूनच्या किनाऱ्याजवळ. बाटा हे सर्वांत मोठं शहर मुख्य भूमीवर, कॅमेरून आणि गॅबन यांच्या मध्ये. दोन्हींच्या मधे समुद्र असल्यामुळे ये-जा बहुतेक विमानानेच होते. मुख्य भूमीच्या जंगलात सिउदाद दे ला पाझ नावाचं शहर नवी राजधानी म्हणून उभारलं गेलं आहे. बांधकामाच्या नोकऱ्यांच्या कागदांत ते 'ओयाला' किंवा 'जिब्लोहो' या नावांनीही दिसतं. सगळा देश मिळून 28,051 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण अकरावा हिस्सा.

तिकीट हातात आलं की विमानतळाचा कोडही तपासा. मालाबोचा एसएसजी, बाटाचा बीएसजी. सीकेवाय दिसला तर ते कोनाक्री, म्हणजे गिनी हा वेगळाच देश. तिथे फ्रेंच चालते आणि चलनही निराळं आहे.

तेल कुणाचं, पगार कोण देणार

इथली अर्थव्यवस्था तेल आणि वायूवर चालते, आणि ते तेल आटत चाललं आहे. ऑफर जोखताना हे सतत डोक्यात ठेवा. झाफिरो हे समुद्रातलं मोठं तेलक्षेत्र 1995 मध्ये सापडलं आणि 1996 मध्ये उत्पादन सुरू झालं. 2000 नंतरच्या दशकाच्या मध्यावर देशाचं उत्पादन दिवसाला 3 लाख पिंपांच्या वर होतं, आता ते 1 लाखाच्याही खाली आलं आहे. एक्सॉनमोबिलने 2024 मध्ये झाफिरो सोडलं आणि ते जीईपेट्रोल या सरकारी कंपनीकडे गेलं. वायूची बाजू त्यामानाने बरी. मालाबोजवळच्या पुंता एउरोपा इथे मिथेनॉलचा कारखाना आणि 2007 पासून चालू असलेला एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) प्रकल्प आहे. आल्बा क्षेत्राचा वायू कमी होऊ लागल्यावर 2021 पासून आलेन क्षेत्राचा वायूही तिथे आणला जातो.

म्हणून एजंटला नेमके तीन प्रश्न विचारा. कोणतं क्षेत्र किंवा कोणता प्रकल्प? तो चालवणारी कंपनी कोणती? माझा पगार तीच कंपनी देणार, की तिचा उपकंत्राटदार, की उपकंत्राटदाराचा मनुष्यबळ पुरवठादार? तेल कंपनीच्या थेट रोटेशनच्या (काही आठवडे काम, मग सुटी) नोकरीत धोका सर्वांत कमी. सरकारी रस्ते आणि इमारतींच्या कामात तो सर्वांत जास्त, कारण 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले तेव्हा ठेकेदारांची सरकारी बिलं वर्षानुवर्षं थकली होती. ठेकेदाराचं बिल अडकलं की आधी मजुरांचा पगार अडकतो.

दरडोई उत्पन्नाचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. तो मोठा दिसतो कारण तेलाचा पैसा थोड्या लोकसंख्येवर भागला जातो. तो लोकांच्या खिशात पोचलेला नाही. 1968 मध्ये स्पेनकडून स्वातंत्र्य मिळालं आणि 1979 च्या लष्करी बंडापासून तेओदोरो ओबियांग हेच राष्ट्राध्यक्ष आहेत. राजकारणावर मत द्यायचं ते घरी. साइटवर नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नाही.

करार आणि एजंट

इक्वेटोरियल गिनी भारताच्या ईसीआर देशांच्या, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या देशांच्या, यादीत नाही. त्यामुळे आखातात जाताना होते तशी सरकारी तपासणी इथे आपोआप होत नाही, आणि नेमकी हीच फट भुरटे एजंट वापरतात. एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर स्वतः शोधा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. तीन-चार लाख मागणारा माणूस नोकरी देत नाहीये, विकतोय.

जहाजावर जाणाऱ्यांनी मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना पाहावा, आणि जहाजाचा विमा व मालक यांची माहिती घरी लिहून ठेवावी. हा सल्ला हवेतला नाही. ऑगस्ट 2022 मध्ये 'हीरोइक इडुन' हा टँकर नायजेरियाच्या सांगण्यावरून इक्वेटोरियल गिनीच्या नौदलाने अडवला. 26 खलाशांपैकी 16 भारतीय होते. नोव्हेंबरमध्ये त्यांना नायजेरियाच्या ताब्यात दिलं गेलं आणि सुटका व्हायला मे 2023 उजाडला.

पगार डॉलर किंवा युरोमध्ये, थेट भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात, हे कलम करारात हवंच. स्थानिक चलन म्हणजे मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँक. तो 1 युरोला 655.957 या दराने बांधलेला आहे, पण देशाबाहेर पैसे पाठवताना बँक कागदांवर कागद मागते आणि पैसे आठवडेच्या आठवडे लटकतात. सुटीला येताना नोटा खिशात घालून आणल्या तर मुंबईत त्या कुणी बदलून देत नाही.

बाकी कलमांत परतीचं तिकीट, वैद्यकीय विमा (गंभीर आजारात देशाबाहेर हलवण्याच्या खर्चासह), आणि रेसिदेन्सिया म्हणजे निवास परवाना कोण काढणार, हे स्पष्ट लिहून घ्या. 'आत्ता टुरिस्ट व्हिसावर या, पुढे बघू' असं कुणी म्हणालं तर जाऊच नका. मूळ पासपोर्ट मालकाकडे ठेवायला देऊ नका. नोंदणीपुरता दिला तर पावती घ्या.

निघण्याआधी

पिवळ्या तापाची लस विमानात बसण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यायला हवी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासूनच वैध होतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तिथे वेळ आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक केंद्रातून बाहेर पडण्याआधीच ताडून पाहा. अंड्याची ॲलर्जी किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ही पुस्तिका परत येताना मुंबईच्या विमानतळावरही लागते. ती नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

तिकडचा मलेरिया बहुतांश फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा. क्लोरोक्विन त्यावर चालत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही प्रतिबंधक गोळी जाण्याआधी 1-2 दिवस सुरू करून परतल्यावरही 7 दिवस घ्यायची. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावर 4 आठवडे. कोणतं औषध घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. लोक चुकतात ते परतल्यावर: घरी पोचलो म्हणजे सुटलो, असं समजून गोळ्या मध्येच बंद करतात.

सोबत सुट्या, स्वच्छ, न फाटलेल्या युरोच्या नोटा घ्या. कार्ड मोठ्या हॉटेलांपलीकडे फारसं चालत नाही. हिशोबाला सोपं म्हणून 10,000 फ्रँक म्हणजे सव्वापंधरा युरो एवढं लक्षात ठेवा. पश्चिम आफ्रिकेतला सीएफए फ्रँक त्याच किमतीचा असला तरी इथे चालत नाही. सेनेगलच्या डाकारहून आलेल्या मित्राच्या उरलेल्या नोटा घेऊ नका. डाळी, मसाले आणि भाजणी बॅगेत टाका. दुकानात बहुतेक माल आयात केलेला आणि महाग असतो, शाकाहारी माणसाला केळी, कसावा आणि भातावर दिवस काढावे लागतात.

पोचल्यावर

रस्त्यांवर पोलिसांचे नाके असतात, त्यांना 'बारेरा' म्हणतात. पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत खिशात, मूळ कागद कुलपात. 'दंड' मागितला तर वाद घालू नका, शांतपणे पावती मागा आणि कंपनीच्या माणसाला फोन लावा. बंदर, विमानतळ, राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा, सैनिक, नाका यांतलं काहीही फोटोत येता कामा नये. सेल्फीच्या मागे गणवेश दिसला म्हणून फोन जप्त होऊ शकतो.

स्पॅनिशशिवाय बाजारात काम होत नाही. इंग्रजी तेल कंपन्यांच्या आवारापुरतीच, मालाबोच्या गल्ल्यांत पिची ही इंग्रजीवरून आलेली बोली आणि मुख्य भूमीवर फांग ही स्थानिक भाषा ऐकू येते. आकडे, 'क्वान्तो क्वेस्ता' आणि डॉक्टरकडे लागणारे दहा-बारा शब्द जाण्याआधी पाठ करा.

पावसाचं गणित दोन्हीकडे उलटं आहे. बिओकोवर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडे, तर मुख्य भूमीवर जून ते ऑगस्ट. बेटाच्या दक्षिणेच्या उरेका गावात वर्षाला 10,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बांधकामाच्या वेळापत्रकात हे धरलेलं नसेल तर ओव्हरटाइमचं कलम पुन्हा वाचा. पहिल्याच आठवड्यात मालाबोतल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवा. भारताच्या घड्याळापेक्षा तिकडचं घड्याळ साडेचार तास मागे आहे, घरच्यांना तेही सांगून ठेवा.

परतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत ताप आला तर इथला डॉक्टर आधी डेंग्यू किंवा फ्लू धरेल. तोंडाने सांगा की मध्य आफ्रिकेतून आलो आहे, आणि त्याच दिवशी मलेरियाची चाचणी करून घ्या. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर 12 ते 24 तासांनी पुन्हा करायला लावा.