झाडाला गाणं ऐकवायचंय? आधी श्रीखंडाचे ८ डबे जमवा

माझ्याकडे हार्मोनियम शिकायला येणाऱ्या मुलींच्या आया गॅलरीतली तुळस बघून हमखास म्हणतात, "काकू, रोज सूर कानावर पडतात ना, म्हणून एवढी फोफावलीय." ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत जुनी, घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी पूर्वेची. तुळशीला सकाळचं ऊन मिळतं आणि अंघोळीनंतर मी तांब्याभर पाणी घालते. पण ऊन-पाण्याचं कौतुक कोण करतंय! मलाही ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. शेवटी एका थंडीत म्हटलं, बघूच करून. पहिल्या दोन खेपांना मी घोळ घातला. तुम्ही थेट तिसऱ्या खेपेपासून सुरुवात करा.

तुळस, गुलाब या फंदात पडू नका, महिने जातात. मेथी घ्या, डब्यातली फोडणीची चालते. दोन-तीन दिवसांत उगवते आणि १०-१२ दिवसांत मोजण्याजोगी होते. फक्त पावसाळ्यात करू नका. ठाण्याच्या जुलैत रोपं बुडाशी कुजतात आणि मग दोष गाण्यावर जातो.

श्रीखंडाचे अर्धा किलोचे एकसारखे ८ डबे घ्या. दाभण तापवून प्रत्येकाच्या तळाला ४ भोकं पाडा. माती आणि शेणखत एकाच घमेल्यात कालवा आणि वाटीने मोजून भरा. मेथी रात्रभर भिजवा, फुटके दाणे काढून टाका, प्रत्येक डब्यात १० दाणे अर्ध्या पेराएवढे खोल पेरा. आता ८ चिठ्ठ्या करा, चारांवर 'गाणं', चारांवर 'गप्प'. डब्यांची वाटणी चिठ्ठीनेच करायची, चार-चार डबे एकेका ट्रेमध्ये. नाहीतर आपला हात नकळत चांगला दिसणारा डबा गाण्याकडे सरकवतो. माझा सरकला होता. खूण डब्याच्या तळाला करा, बाजूला नको. का ते पुढे कळेल.

आता माझे घोळ ऐका. पहिल्या वेळी गाण्याचा ट्रे पेटीजवळ खिडकीत ठेवला आणि गप्प ट्रे स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात. आठवड्याने पाहते तर ओट्यावरची मेथी वीतभर उंच आणि माझी सुरेल मेथी बुटकी! दोन दिवस मी खट्टू होते. मग नीट पाहिलं, तर ओट्यावरची रोपं पिवळट, लुळी, उजेडाच्या शोधात ताणलेली. उंच म्हणजे निरोगी नव्हे, हे तेव्हा डोक्यात शिरलं. दुसऱ्या वेळी दोन्ही ट्रे गॅलरीत ठेवले आणि संध्याकाळी गप्प ट्रे समोरच्या वहिनींकडे पाठवू लागले. पाचव्या दिवशी कळलं, वहिनी त्या वेळेला मालिका लावतात, तीही मोठ्या आवाजात. शिवाय रियाजाला बसले की समोरच्या रोपांना थोडं जास्त पाणी घालावंसं वाटायचं आणि वहिनींकडच्यांना मी विसरायचे.

म्हणून असं करा. दिवसभर दोन्ही ट्रे गॅलरीत शेजारी-शेजारी, रोज जागा अदलाबदल. पाणी सगळ्यांना एकाच वेळी, चमच्याने मोजून. दिवेलागणीनंतर दोन्ही ट्रे घरात आणा. एक रियाजाच्या खोलीत, दुसरा दार लावलेल्या दुसऱ्या खोलीत, दोन्ही तासभर, दोन्हीकडे पंखा बंद. तेव्हा ऊन नसतंच, त्यामुळे कुणाचा उजेड बुडत नाही. एक दिवसाआड खोल्याही बदला. पेटी उचलून नेताना माझी कंबर धरायची, तुम्ही फोनवर भूप राग लावलात तरी चालेल.

बाराव्या दिवशी मोजायला दुसऱ्याला बसवा. मी भाच्याला बसवलं. डबे मिसळून त्याच्यापुढे ठेवले, खुणा तळाला असल्यामुळे कुठला कोणाचा ते त्याला दिसत नव्हतं. पट्टीने उंची घ्या, मग रोपं कापून डब्यागणिक वजन करा. त्यानंतरचा हिशेब महत्त्वाचा: गाण्याच्याच चार डब्यांत आपसात किती फरक आहे ते आधी पाहा. दोन ट्रेंमधला फरक तेवढ्याच्या आत असेल, तर तो गाण्याचा धरू नका. माझा आतच होता. मेथी आम्ही थालीपिठात घातली.

हा उद्योग करणारी मी पहिली नव्हे. डार्विनने मुलाला रोपाजवळ बसून बसून वाजवायला लावलं होतं, म्हणजे बसून हे वाद्य, पाश्चात्त्य फुंकवाद्य. १९५० च्या दशकात अण्णामलै विद्यापीठात टी. सी. सिंग यांनी तेरड्याला संगीत ऐकवून वाढ झाल्याचं सांगितलं. १९७३ साली अमेरिकेतल्या डोरोथी रेटालॅक यांनी रॉक संगीताने झाडं खंगतात असं लिहिलं. त्यांच्या प्रयोगात रोपं थोडी होती, आणि पाण्या-उजेडाचा काटेकोरपणा नव्हता अशी टीका झाली. ओटा आठवून मला त्यांच्याबद्दल मायाच वाटते.

पण झाडं बहिरी आहेत असंही म्हणवत नाही. २०१४ साली मिसुरी विद्यापीठात हायडी ॲपल आणि रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी अळी पान कुरतडताना होणारी थरथर टिपली आणि मोहरीच्या कुळातल्या एका रोपाच्या पानाला तीच दिली. नंतर खरी अळी आली तेव्हा त्या रोपांनी बचावाची तिखट रसायनं जास्त बनवली. वाऱ्याच्या थरथरीने तसं झालं नाही. रोपाला भूप नको, स्वतःच्या कामाचा आवाज हवा.

वांग्याचं तसंच. त्याच्या फुलातले परागकण पुंकेसराच्या टोकाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतात, आणि ते झाडायला काळा भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो. मधमाशीला ते जमत नाही. आमच्या मजल्यावर भुंगे क्वचित येतात, त्यामुळे फुलं गळायची. आता सकाळी ऊन आलं की बॅटरीवरच्या जुन्या टूथब्रशची मागची बाजू फुलाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवते. पिवळी भुकटी उडालेली दिसली की पुढचं फूल. ढगाळ, दमट दिवशी पराग चिकटतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं. या हिवाळ्यात दोन कुंड्यांत भरल्या वांग्यांपुरती वांगी निघाली, आणि आया अजून तुळशीकडेच बघतात.