मावसभावाच्या कर्जाचा हिशेब असा लावला

घणसोलीतल्या मावसभावाचे हप्ते थकले होते आणि एकूण देणं किती, हे त्यालाच सांगता येईना. आधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे त्याच्या नावावरच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. विसरलेलं ॲपवरचं एक कर्ज त्यातच सापडलं. क्रेडिट कार्डावर तो फक्त ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत होता. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज. मुद्दल हलणार कसं? वहिनीलाही सोबत बसवलं, हे फार गरजेचं. भाडं, किराणा, फी, लोकलचा पास आणि ठरलेले हप्ते बाजूला काढून उरेल ते सगळं कार्डाचं देणं फेडायला. वसुलीवाले रात्री नऊला फोन करायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, अशी लेखी तक्रार दिली, तेव्हा ते थांबले.