पीएसए तपासायला जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्या

माझ्या सासऱ्यांचा, अप्पांचा, पीएसए ३.८ आला. पीएसए म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरचा अंदाज घ्यायला करतात ती रक्ततपासणी. शेजारी ‘४ पर्यंत नॉर्मल’ छापलेलं, म्हणून फाइल कपाटात गेली. पण अप्पा दोन वर्षं ड्यूटास्टेराइडची गोळी घेत होते, लघवी अडखळते म्हणून. ही गोळी सहा महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणते. म्हणजे खरा आकडा साडेसातच्या आसपास! रक्त घेताना कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. वर्ष गेलं.

म्हणून ठाण्यात, आमच्या नौपाड्यात, ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, रक्त द्यायला जाताना गोळ्यांची पट्टी न्या आणि डॉक्टरांना दाखवा. आधीचे दोन दिवस सायकल नको, शरीरसंबंध नको. लघवीला जंतुसंसर्ग झाला असेल तर बरा झाल्यावर सहा आठवडे थांबा. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही, वयानं ग्रंथी वाढली तरी तो वाढतो. उलट धार छान आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. हा कॅन्सर बहुतेकदा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, लघवीच्या नळीपासून लांब.

बायॉप्सीआधी, म्हणजे सुईनं ग्रंथीचा तुकडा काढून तपासण्याआधी, एमआरआय झाला तर सुई नेमकी कुठे घालायची ते कळतं. बायॉप्सीच्या रिपोर्टात ग्लीसन स्कोअर शोधा, कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारी दोन आकड्यांची बेरीज. बेरीज ७ असली तरी ३+४ आणि ४+३ सारखे नाहीत. पहिला आकडा तुकड्यात जास्त प्रमाणात दिसलेल्या पेशींचा, त्यामुळे ४+३ अधिक आक्रमक. अप्पांचा तोच होता. बेरीज ६ असेल आणि गाठ लहान असेल तर बरेचदा नुसती नजर ठेवतात.

ऑपरेशन की रेडिएशन, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारा. आम्ही पनवेल लोकलनं खारघरच्या टाटा केंद्रात जाऊन दुसरं मत घेतलं. लघवीवरचा ताबा आणि वैवाहिक संबंध यांबद्दल स्पष्ट विचारायला हवं. अप्पा सुनेसमोर बोलेनात. मी उठून बाहेर बाकावर बसले, तेव्हा कुठे त्यांनी विचारलं.

रेडिएशनसोबत दर तीन महिन्यांनी एक, पुरुषी हार्मोन थांबवणारं इंजेक्शन ठरलं. “माझ्यावर प्रयोग नाही ना?” अप्पांनी विचारलं. नाही. पुरुषी हार्मोन थांबवला की हा कॅन्सर दबतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्येच दाखवलं, त्यासाठी १९६६ चं नोबेलही मिळालं. पण या इंजेक्शननं अंगातून वाफा येतात. मे महिन्यात पंख्याखाली बसून अप्पा मला म्हणाले, “तुझ्या सासूबाईंनाही असंच व्हायचं का गं?”

हाडंही विरळ होतात. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी), कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचं डॉक्टरांना विचारा आणि रोज चाला. आमच्या अप्पांच्या संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या होतात. इंजेक्शनची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलेली असते, आणि आठवडाभर आधी पीएसएची.