भार उचलायला किती शक्ती लागते? हिशेबातल्या या चुका टाळा

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. सूत्र एवढंच आहे आणि ते सहसा कुणी चुकत नाही. गडबड होते ती बलाच्या जागी काय घ्यायचं आणि वेगाच्या जागी काय, हे ठरवताना. 500 किलोचा भार 12 मीटर उंच, 30 सेकंदांत, एकसमान वेगानं न्यायचा आहे असं धरू आणि नेमकं कुठे घसरायला होतं ते पाहू.

पहिला घोळ विचारातला आहे आणि तो हुशार विद्यार्थ्यांचाही होतो. वेग एकसमान, म्हणजे त्वरण शून्य, म्हणजे बल शून्य, मग शक्तीही शून्य! इथे शून्य आहे ते निव्वळ बल. दोर वर ओढतोय, गुरुत्वाकर्षण तेवढंच खाली ओढतंय, दोघांची बेरीज शून्य होते. आपल्याला हवी आहे ती दोरानं दिलेली शक्ती, आणि दोरातला ताण भाराच्या वजनाइतका पूर्ण आहे. आधी भाराचं चित्र काढून त्यावर दोन बाण दाखवा. कोणत्या बलाची शक्ती काढतोय हे डोळ्यांसमोर राहिलं की हा घोळ होत नाही.

आता आकडे. बल 500 × 9.81 = 4905 न्यूटन, वेग 12 ÷ 30 = 0.4 मीटर प्रति सेकंद, शक्ती 1962 वॅट. 9.81 नं गुणायचं राहिलं तर उत्तर 200 वॅट येतं. वेग मिनिटातला, म्हणजे 24, तसाच भरला तर जवळजवळ 118 किलोवॅट! दोन्ही चुका पकडायला एक आकडा पाठ ठेवा: 100 किलो भार सेकंदाला 1 मीटर चढवायला साधारण 1 किलोवॅट लागतो. उत्तर या अंदाजाच्या आसपास नसेल तर एककं पुन्हा तपासा. अश्वशक्तीत उत्तर हवं असेल तर 746 नं भागा. मेट्रिक अश्वशक्ती मात्र 735.5 वॅटची असते.

भार म्हणजे फक्त माल नव्हे. हूक, साखळी, पाळणा हेही मालाबरोबर वर जातात. ते 40 किलो धरले तर 540 किलोचा हिशेब होतो आणि शक्ती 2119 वॅट येते. खोल खाणीत तर लोंबत्या दोराचंच वजन बरंच भरतं, आणि पिंजरा तळाशी असताना ते सर्वात जास्त असतं. लिफ्टमध्ये उलटी चूक होते, प्रतिभार, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला पाळण्याचा तोल साधणारं वजन, विसरला जातो. पाळणा 600 किलो, माणसं 450 किलो, प्रतिभार 800 किलो असेल तर मोटरला फक्त 250 किलोचा फरक उचलायचा असतो. सेकंदाला 1 मीटर वेगानं ते सुमारे 2.45 किलोवॅट होतात. प्रतिभार न धरता हिशेब केला तर 10.3.

कप्पीनं शक्ती वाचते, हा समज तर फारच चिवट आहे. एक सरकती कप्पी लावली की दोरावरचं बल निम्मं होतं, हे खरं. पण भार तेवढ्याच वेगानं चढवायचा तर दोर दुप्पट वेगानं ओढावा लागतो. गुणाकार तोच राहतो, वर कप्पीच्या घर्षणाची थोडी भर पडते.

चढावावरून ओढताना उतारावरचा वेग वजनाशी थेट गुणू नका. 200 किलोची पेटी 30 अंशांच्या चढावावर सेकंदाला 1 मीटर सरकत असेल तर ती उभ्या दिशेनं अर्धाच मीटर चढते: 981 वॅट. घर्षणाची शक्ती वेगळी काढून यात मिळवायची. घर्षण गुणांक 0.2 असेल तर ती सुमारे 340 वॅट येते.

कार्यक्षमतेची चूक मात्र खरोखर महागात पडते, कारण उत्तर दिसायला ठीकच दिसतं. गिअरबॉक्सची कार्यक्षमता 0.85 आणि दोर गुंडाळणारा ड्रम व कप्प्या मिळून 0.92 असेल तर एकूण 0.782. हे दोन आकडे एकमेकांशी गुणायचे, सरासरी काढायची नाही. मग 2119 ला 0.782 नं भागायचं: 2.71 किलोवॅट. भागायच्या ऐवजी गुणलं तर 1.66 येतात, आणि तेवढी मोटर बसवली तर ती भार ओढताना तापत राहते. मोटरची स्वतःची कार्यक्षमता इथे पुन्हा लावू नका. मोटरच्या पाटीवर लिहिलेले किलोवॅट हे शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचे असतात. वीज किती खेचली जाईल हे काढायचं असेल तेव्हाच ती धरायची.

हा सगळा हिशेब स्थिर वेगाचा आहे. सुरुवातीला भाराला वेग देताना ताण वजनापेक्षा जास्त असतो, म्हणून मोटरचं सुरुवातीचं टॉर्क (शाफ्ट फिरवण्याचा जोर) वेगळं तपासावं लागतं.

हिशेब बरोबर असूनही मोटर जास्त करंट घेत असेल, तर आधी प्रत्यक्ष वेग मोजा, मग ब्रेक पूर्ण सुटतोय का आणि दोर कुठे घासतोय का ते पाहा. व्होल्टेज कमी असेल तरीही करंट वाढतो. भार वर पोचत आल्यावरच करंट चढत असेल तर ड्रम बघा. दोराचे थर साचून त्रिज्या 150 मिलिमीटरवरून 180 झाली, तर फेरे तेवढेच राहूनही भाराचा वेग 20 टक्के वाढतो, आणि शक्तीही तितकीच जास्त लागते. अशा ड्रमसाठी हिशेब सर्वात वरच्या थराची त्रिज्या धरूनच करावा.