जर्मन बोलताना 'च' आणि 'का'चं काम आवाजाने कसं करायचं

ग्रामर पक्कं, शब्दही भरपूर, तरी समोरचा जर्मन माणूस गोंधळून बघत असेल तर घोळ बहुतेक सुरात आहे. मराठीत आपण 'च' लावतो, 'का' लावतो, झालं काम. जर्मनमध्ये ते बरंचसं आवाजालाच करावं लागतं.

तर आधी वाक्य मनात मराठीत म्हणा, 'च' कुठे लागतोय बघा आणि जर्मनमध्ये तोच शब्द उचला, म्हणजे जरा उंच, जरा लांब, बाकीचं दाबून. 'इश फारं मोर्गन नाख बेर्लीन', म्हणजे 'मी उद्या बर्लिनला जातोय'. मीच जातोय तर 'इश'वर जोर, उद्याच तर 'मोर्गन'वर, आणि खास काही नसेल तर बेर्लीनवर जोर देऊन सूर खाली सोडायचा. प्रत्येक शब्दावर जोर देऊ नका, भांडताय असं वाटतं.

आता 'का'. हो-नाहीचा प्रश्न असेल, 'कोम्स्ट दू मिट?' (येतोस का बरोबर?), तर शेवट वर. पण 'वो वोनेन झी?' (तुम्ही कुठे राहता?) असा कुठे-कधी-कोणवाला प्रश्न साधारण खालीच संपतो, वर नेलात तर चूक नाही, मऊ वाटतं, किंवा आधीचं उत्तर ऐकूच आलं नाही असं वाटतं. 'बिटं' (एरवी 'कृपया') या शब्दाचं तर विचारूच नका, खाली सोडलं की 'हे घ्या', वर नेलं की 'काय म्हणालात?'

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे सपाट सूर. जर्मन क्रियापद बऱ्याचदा वाक्याच्या टोकाला येतं, ते आठवेपर्यंत सूर तसाच लटकत ठेवा, खाली आणलात की समोरच्याला वाटतं तुमचं संपलं आणि तो सुरू होतो.

जर्मनमधला छोटा 'या' हा शब्द पण जपून. 'दू बिस्ट या दा' यात तो हलका, 'अरे, आलास की!' असा. पण 'कोम या निश्त त्सू श्पेट' मध्ये त्याच 'या'वर जोर आला की सरळ तंबी, उशीर केलास तर बघ.

लयीचं म्हणाल तर जोर नसलेली अक्षरं गिळायची, 'हाबेन झी' (तुमच्याकडे आहे का) बोलताना 'हाम् झी' होतं. आपण प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो ना, तिथेच गाडी अडते.

प्रॅक्टिससाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या जोर ओळखायला मस्त, पण गिळलेली अक्षरं त्यात फारशी सापडणार नाहीत, त्यासाठी मुलाखती ऐका. एक वाक्य घ्या, आधी शब्दांशिवाय नुसतं गुणगुणा, मग बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करा. हौस असेल तर प्राट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मूळ आणि तुमचा असे दोन्ही आवाज टाका, सुराची रेघ कुठे चढते-उतरते ते स्क्रीनवरच दिसतं.