मेंदूचा काप वाचायला शिकताना

"गुरांची डॉक्टर होऊन तू अल्झायमरवर काय संशोधन करणार?" परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात होते तेव्हा मामांनी विचारलं होतं. तेव्हा मी नुसती हसले. आता कोणी विचारलं की विल्यम हॅडलोंचं नाव सांगते. हे अमेरिकन पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे ऊतक तपासून रोग ओळखणारे, इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या मेंदूला होणाऱ्या स्क्रेपी रोगावर काम करत होते. लंडनच्या एका प्रदर्शनात पापुआ न्यू गिनीतल्या कुरू या माणसांच्या मेंदूच्या रोगाने गेलेल्यांच्या मेंदूचे फोटो त्यांना दिसले, आणि ती भोकं त्यांनी ओळखली. मेंढीच्या मेंदूत रोज तीच तर बघत होते! १९५९ साली त्यांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून सुचवलं की कुरूसुद्धा प्राण्यांत टोचून पाहावा. १९६६ मध्ये तो चिंपांझींत उतरल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्या कामाबद्दल अमेरिकन संशोधक गायडुसेक यांना १९७६ चं नोबेल मिळालं.

प्राण्यांच्या मेंदूवरून माणसाचे रोग समजून घ्यायच्या या वाटेला यायचं असेल तर पदवीची साडेपाच वर्षं, मग पॅथॉलॉजीत एम.व्ही.एस्सी. आणि पीएच.डी. हे सगळ्यांना माहीत असतं. परदेशात जायचं असेल तर तिथली रेसिडेन्सी (तज्ज्ञांच्या हाताखालचं प्रशिक्षण) आणि तज्ज्ञ-मंडळाची (बोर्डाची) परीक्षा, तीही अवघड. त्यावर जास्त लिहीत नाही.

खरं शिक्षण पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर. पदवीला असतानाच मेंदू काढायला शिका, पण आधी रेबीजची लस घ्या. आपल्याकडे लक्षणं 'मेंदूची' असलेला प्रत्येक कुत्रा आणि प्रत्येक गाय रेबीजचीच समजायची. कवटी हातकरवतीने कापा. विजेच्या करवतीने बारीक तुषार उडतात. गाईचा फक्त मेंदूचा देठ हवा असेल तर कवटी फोडायचीही गरज नसते, मागच्या भोकातून लांब चमच्याने तो निघतो. त्यातला ओबेक्स, म्हणजे चौथं निलय (मेंदूतली एक पोकळी) जिथे 'व्ही'सारखं मिटतं ती जागा, अखंड यायला हवा. मॅडकाउ रोगाचं निदान तिथेच होतं.

आता माझी फजिती. एम.व्ही.एस्सी.च्या पहिल्या वर्षी उंदराच्या मेंदूत मला काळ्या, आक्रसलेल्या, स्क्रूसारख्या वळलेल्या फांद्यांच्या पेशी दिसल्या. 'न्यूरॉन मरत आहेत' असं चार पानं लिहून नेलं. सरांनी स्लाइड अर्धा मिनिट पाहिली आणि विचारलं, "मेंदू काढताना तुझा अंगठा कुठे होता?" ताजा मेंदू दाबला की असे काळे न्यूरॉन तयार होतात. रोग माझ्या अंगठ्याचा होता. तेव्हापासून रक्तवाहिन्यांतून ऊतक टिकवणारं फॉर्मलिन सोडून झालं की मेंदू लगेच काढत नाही, रात्रभर कवटीतच राहू देते.

भोकांचंही तसंच. शुक्रवारी ऊतक सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये टाकून घरी गेलात, तर सोमवारी पांढऱ्या भागात भोकंच भोकं. निरोगी गाईच्या रेड न्यूक्लियसमध्येही (मेंदूच्या देठातला पेशींचा एक पुंजका) पोकळ्या असतात. म्हणून रोगट मेंदू हातात घेण्याआधी निरोगी मेंदू पाहा: वेगवेगळ्या जातींचे, तरुण आणि म्हातारे. मी वर्षभर दुसरं काही केलं नाही. कंटाळा येतो, येऊ द्या.

स्क्रेपीसारख्या प्रायॉन रोगात (प्रायॉन म्हणजे चुकीची घडी पडलेलं, संसर्ग पसरवणारं प्रथिन) मात्र फॉर्मलिनवर भरवसा ठेवू नका. त्याने प्रायॉन मरत नाही. मेणात बसवून ब्लॉक करण्याआधी तुकडे तासभर तीव्र फॉर्मिक ॲसिडमध्ये ठेवावे लागतात.

उंदरांच्या प्रयोगात गट ठरण्याआधीच आखणीच्या चर्चेत जाऊन बसा. उंदराला अल्झायमर आपोआप होत नाही. माणसाचं जनुक घालून मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) साचवावा लागतो. त्यासाठी कोणता वंश घेतलाय ते विचारा. सी३एच, एफव्हीबी अशा वंशांत डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक दोष असतो आणि उंदीर लहानपणीच आंधळे होतात. त्यांना पाण्याच्या टबात भिंतीवरच्या खुणा पाहून लपलेला पाट शोधायला लावायचा आणि सापडला नाही की 'स्मृती गेली' म्हणायचं! डोळ्यांचा काप काढा, उत्तर मिळेल. स्लाइडवर मात्र फक्त क्रमांक हवा, कोणता उंदीर कोणत्या गटातला हे तुम्हाला कळता कामा नये. तपासणारा आंधळा हवा, उंदीर नव्हे.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याचा अमायलॉइड बीटा, म्हणजे तेच साचणारं प्रथिन, माणसासारखाच असतो आणि म्हातारपणी तो आपसूक साचतो. रात्री उगाच फेऱ्या मारणारा, घरातच वाट चुकणारा म्हातारा कुत्रा दवाखान्यात आला तर मालकाशी हळूच बोला. मेंदू मागायचा असतो तो कुत्रा गेल्यावर, पण ओळख आधीची हवी. अर्धा मेंदू गोठवायला, अर्धा फॉर्मलिनला.

माझ्याकडे अर्ज पाठवणारी मुलं गुणपत्रिका जोडतात. त्याऐवजी एखाद्या स्लाइडचं दहा ओळींत वर्णन पाठवा: काय दिसलं, कुठे, किती. रोगाचं नाव शेवटी, आणि चुकलं तरी चालेल. मेंदू मृत्यूनंतर किती तासांनी फॉर्मलिनमध्ये गेला, तेवढं मात्र पहिल्या ओळीत लिहा.